कोरडं दळण

गिलें बोल्डुकच्या खोलीत कुणी फार वेळ थांबत नसे, आणि त्यात सगळा दोष गिलेंचा नव्हता. खोली होती माँट्रियालमधल्या एका विद्यापीठाच्या तळघरात, रसायन विभागाच्या बॉयलरला लागून, आणि तिच्यात दिवसभर दळण चाले. मुठीत मावेल एवढं पोलादी भांडं, आत दोन पोलादी गोळ्या, गोळ्यांबरोबर दोन-तीन पांढऱ्या पुडी, वर आट्यांचं झाकण. यंत्रात अडकवून बटण दाबलं की भांडं असं थरथरायचं की डोळ्यांना दिसेनासं व्हायचं. अर्ध्या तासाने उघडावं तर आत तिसरीच पूड. मधल्या वेळात त्या गोळ्या जो थयथयाट करत, तो ऐकून शहाणी माणसं दारातूनच परत जात. पूर्वी ही यंत्रं तिसऱ्या मजल्यावर होती. शेजारच्या प्राध्यापकांनी तक्रारी केल्या आणि त्यांची रवानगी खाली झाली. यंत्रांबरोबर गिलेंचीही झाली; त्याच्याबद्दल मात्र कुणी तक्रार केली नव्हती.

वरच्या मजल्यांवर जे चाले त्याला तळघरात ‘ओलं काम’ म्हणत. चमचाभर औषध बनवायचं तर वरचे लोक बादलीभर द्रावक घेणार, त्यात सगळं विरघळवणार, तापवणार, ढवळणार, आणि शेवटी ते बादलीभर विष निळ्या पिंपात भरून जाळायला पाठवणार. खाली ही भानगड नव्हती. कोरड्याला कोरडं घासायचं, संपलं. पिंप नाही, वास नाही, डोकं दुखणं नाही. गिलेंला याचा भारी अभिमान. एरवी तोंड न उघडणारा हा माणूस, पण वरचा एखादा विद्यार्थी खाली आला की त्याला दारातच अडवून विचारायचा, “काय रे, पाय पुसून आलास ना? इथे कोरडी माणसं राहतात.”

तो जन्मला ॲस्बेस्टॉसच्या खाणीच्या गावात. बाप दगड भरडायच्या गिरणीत कामाला, घर गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात. खडखडाटात त्याला झोप लागे आणि सामसूम झाली की जाग येई. शहरात येऊन प्रयोगशाळेतला साहाय्यक झाला, रोझमाँमध्ये दोन खोल्या घेतल्या, दियान नावाच्या बाईशी लग्न केलं. दियान गेली तेव्हा भांडण नाही, तंटा नाही. ती म्हणाली, “मी रिमूस्कीला बहिणीकडे जातेय. बहुतेक परत यायची नाही.” गिलें म्हणाला, “बरं.” दगडाच्या काळजाचा नव्हता तो. त्याला पुढचं वाक्य सुचलं नाही, इतकंच. आणि सुचलं तेव्हा तिची बस लेव्हीच्या पुढे गेली असेल.

त्यानंतरची वर्षं तळघरात गेली. कानांवर जाड संरक्षक चढवलेले असत, म्हणून लोक त्याच्याशी खुणांनी बोलत. भांडं हवं असेल तर मूठ दाखवायची, वेळ विचारायची तर मनगट, जेवायला चाललो हे सांगायचं तर तोंडाशी हात. ‘तूही चल’ अशी खूण काही कुणी काढली नव्हती. काही दिवस असे जात की त्याचा आवाज पहिल्यांदा निघे तो संध्याकाळी दुकानात, पिशवी नको म्हणायला. एकटा हा शब्द त्याने स्वतःबद्दल कधी वापरला नाही. पण होता तो एकटाच, आणि त्याला ते टोचत होतं.

एवढ्यात त्याच्या हाताला यश आलं. एका औषधाचा मधला टप्पा, ज्याला जगभर पिंपंच्या पिंपं द्रावक लागे, तो गिलेंच्या भांड्यात कोरडाच उरकू लागला. शंभरातले नव्वद भाग हवा तोच पदार्थ. विभागातल्या त्याच्या साहेब, प्राध्यापिका सुझान वेझिना, यांनी शोधनिबंध छापला. ‘द्रावकाचा थेंबही न वापरता’ असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. पूर्व किनाऱ्याकडच्या मंक्टन शहरातल्या एका प्रयोगशाळेला पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरायची होती. त्यांनी तीच पूड, तेच यंत्र, तीच भांडी घेतली आणि त्यांच्याकडे जेमतेम तीस भाग निघाले. पुन्हा केलं, पुन्हा तीस. वेझिनाबाईंनी एक यंत्र वर नेऊन स्वतः करून पाहिलं, तरी तीस. खाली गिलेंने केलं की नव्वद.

“गिलेंच्या हाताला गुण आहे,” विभागात लोक म्हणू लागले. वैद्याबद्दल म्हणावं तसं. वेझिनाबाई हसत नव्हत्या. हाताचा गुण शोधनिबंधात छापता येत नाही.

म्हणून फेब्रुवारीअखेर मंक्टनहून मिलेन कॉर्मिए आली. चाळिशीच्या आतली, बर्फाने ओले झालेले बूट, पाठीवर स्वतःची पोलादी भांडी भरलेली पिशवी. दोन आठवडे गिलेंच्या शेजारी उभं राहून घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं, हे तिचं काम. आल्या आल्या तिने त्याला ‘तुम्ही मस्यो बोल्डुक’ अशी सुरुवात केली.

“तुम्ही काय? मी काय बिशप आहे?” गिलें म्हणाला.

“बरं. मग तू माझ्या बोलण्याला हसायचं नाही. आम्हां किनाऱ्यावरच्यांची फ्रेंच तुम्हां माँट्रियालवाल्यांना विनोदी वाटते.”

“मी हसलो नाही.”

“ओठ हलले तुझे.”

“थंडीने.”

ती जोरात हसली. मग तिने एक अशी गोष्ट केली जी त्या खोलीत कुणी केली नव्हती. तिला काही विचारायचं होतं, तर तिने खुणा केल्या नाहीत. हात पुढे करून यंत्रच बंद केलं.

गिलें दचकला. चालू दळण मोडणं म्हणजे पूड फुकट. पण ती बोलत होती, आणि तो ऐकत होता, आणि पूड फुकट गेल्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

रोज तसंच होऊ लागलं. दुपारी ती त्याला वरच्या उपाहारगृहात ओढून नेई. खिमा, मका, कुस्करलेला बटाटा असे थर लावलेलं जेवण दोघं खात आणि ती गावाकडच्या गप्पा सांगे. नवरा ल्यूक, शाळेत सुतारकाम शिकवणारा. मुलगी आनिक, आठ वर्षांची, बर्फावर घसरगुंडीचे बूट घालून नाचणारी. हिवाळ्याच्या शेवटी गावात त्यांचा मोठा कार्यक्रम असे आणि यंदा आनिक त्यात शेवंड होणार होती.

“शेवंड?” गिलें म्हणाला.

“मग काय! आमच्याकडे समुद्रात दुसरं आहे काय? ल्यूकने ओव्हनच्या हातमोज्यांच्या नांग्या केल्यात. पोरगी नांग्या घालूनच झोपते. मी शनिवारी पहिल्या रांगेत बसणार, असं कबूल करून आलेय.”

तो शनिवार तिच्या परतीच्या दुसऱ्या दिवशी होता. गिलेंने तो मनात नोंदवला, आणि मग त्याचा विचार करायचं टाळलं.

काम पुढे सरकत नव्हतं. तिच्या भांड्यात तीस, त्याच्या भांड्यात नव्वद. मग अदलाबदल केली. तिचं भांडं त्याच्या हातात दिलं, पहिल्या दिवशी तीस आणि दुसऱ्या दिवशी नव्वद. “आता भांड्यालाही तुझी सवय झाली,” ती कपाळाला हात लावून म्हणाली. “मी परत जाऊन सांगते, एक गिलें विकत घ्या.” गिलेंचे कान लाल झाले.

तिच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी ती वरच्या क्ष-किरण यंत्रावर नमुने तपासत बसली होती. गिलें खाली एकटा. त्याने फळीवरचं भांडं काढलं, उघडलं, आणि झाकणाच्या रबरी कड्याला चिमूटभर पूड चिकटलेली पाहिली. कोरडी पूड चिकटत नाही. त्याने बोट लावलं तर थंड लागलं. बोट नाकाशी नेलं. अल्कोहोल.

तो जागीच उभा राहिला. रोज संध्याकाळी तो भांडी अल्कोहोलने विसळायचा, फडक्याने पुसायचा, आणि बॉयलरच्या नळांवरची चुन्याची भुकटी आत पडू नये म्हणून झाकण लावून ठेवायचा. बाकी सगळं जग भांडी उघडी ठेवून भट्टीत वाळवतं. याच्या कड्याखाली रात्रभर दोन थेंब राहत. सकाळी भांडं काट्यावर ठेवून तो आधी शून्य करायचा, मग पूड टाकायचा. म्हणजे थेंबांचंही शून्य होऊन जाई. काट्यालाच त्याने गप्प बसवलं होतं, तोही अगदी नियमाप्रमाणे.

त्याने एक भांडं भट्टीत वाळवलं आणि दळलं. तीस. दुसरं वाळवलं, त्यात मोजून दोन थेंब टाकून दळलं. नव्वद. कोरडा म्हणून छातीठोकपणे मिरवणारा माणूस वर्षभर ओलं दळत होता. यात लाजेने मरून जावं असं काही नव्हतं. बादलीऐवजी दोन थेंब, तरीही जग जिंकल्यासारखंच. जेवणाआधी वर जाऊन सांगितलं असतं तर वेझिनाबाईंनी मिठी मारली असती, आणि मिलेन दुसऱ्याच दिवशी घरी गेली असती.

तिथेच त्याचा पाय अडकला.

ती खाली आली. यंत्र बंद केलं. “काही सापडलं?”

गिलेंने तोंड उघडलं. समोर तिचा चेहरा, थंडीने लाल झालेलं नाक, आणि उपाहारगृहात जायची घाई.

“नाही,” तो म्हणाला.

त्याने ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी तो आपला नेहमीसारखा भांडी विसळत राहिला आणि झाकणं लावत राहिला, फरक इतकाच की आता त्याचे हात काय करताहेत हे त्याला ठाऊक होतं. उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. उद्या ती काहीतरी गमतीचं सांगत यायची आणि ‘उद्या’ पुढे ढकलला जायचा. कुणी म्हणेल, दोन दिवसांच्या सोबतीसाठी माणूस एवढा खाली उतरतो का? ज्याला रोज सोबत आहे तोच असं विचारू शकतो.

गुरुवारी वेझिनाबाई खाली आल्या. “मिलेन, अजून एक आठवडा थांबतेस? तुझ्या साहेबांशी मी बोलते. मला वाटतं आपण जवळ आलोय.”

मिलेनने नाइलाजाने हो म्हटलं. मग बाहेर मार्गिकेत जाऊन तिने घरी फोन लावला. दार अर्धवट उघडं होतं. “नाही गं, राणी… ऐक तर… बाबा सगळा व्हिडिओ दाखवतील मला. हो, नांग्यांसकट… रडू नकोस ना.” गिलें हातात भांडं घेऊन उभा होता. या वेळी तरी बोलायचं होतं. बोलला नाही. ती आत आली तेव्हा म्हणाला, “शनिवारी पाकाच्या मळ्यावर जाऊ. मॅपलचा पाक निघायला लागलाय. तुझं मन रमेल.”

“तू मला फिरायला नेतोस?” ती म्हणाली. “गिलें बोल्डुक उन्हात येणार?” ती हसली खरी, पण डोळे ओलेच होते.

शनिवारी ते गेले. झाडांमध्ये लांब लाकडी पडवी, लांब बाकं, अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. हॅम, उकडलेले वाल, पाकात बुडालेली अंडी, पुढे मागे फिरणाऱ्या किटल्या. कुणी तरी व्हायोलिन वाजवत होतं आणि एक आजोबा पायाने ठेका धरून होते. गिलेंने इतक्या माणसांत बसून किती तरी वर्षांत जेवण केलं नव्हतं. शेजारच्या बाईने ‘तुमची मुलगी का?’ म्हणून विचारलं, तर मिलेनच म्हणाली, “नाही, हा माझा गुरू. एक अक्षर शिकवत नाही पण.” सगळे हसले, गिलेंही हसला. तो सुखात होता. हे लिहायला हवं, कारण पुढचं त्यामुळेच जास्त लागलं.

तिचा फोन वाजला. ल्यूक व्हिडिओवर होता, बर्फाच्या मैदानाच्या कडेला. “सुरू होतंय,” तो ओरडला आणि फोन फिरवला. दोघांनी डोकी जवळ आणून पाहिलं. पांढऱ्या बर्फावर लाल ठिपक्यांची रांग. त्यातला शेवटचा, सगळ्यांत छोटा. मोठ्या हातमोज्यांच्या नांग्या वर करून तो गोल फिरला आणि आपटला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. शेवंड उठली, आणि नाच सोडून पहिल्या रांगेकडे वळून बघत उभी राहिली. तिथे फोन धरून ल्यूक बसला होता, आणि त्याच्या शेजारची मिलेनची खुर्ची रिकामी होती. बाकीच्या शेवंडा पुढे निघून गेल्या तरी ती बघतच राहिली.

मिलेन आधी हसली होती. मग तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

“ती मला शोधत होती,” ती म्हणाली. “मी नाही हे तिला माहीत होतं रे. तरी शोधलं.”

किटली घेऊन कुणी तरी आलं, गिलेंने हाताने नको म्हटलं. आता गप्प बसणं त्याच्याने होईना.

“झाकणाच्या कड्याखाली अल्कोहोल राहतं,” तो म्हणाला.

“काय?”

“मी भांडी विसळून लगेच बंद करतो. वाळत नाहीत. मग सकाळी काटा शून्य करतो.”

ती बघत राहिली. आईपेक्षा तिच्यातली रसायनवाली चपळ निघाली. “म्हणजे थेंबांचंही वजन शून्यात गेलं,” ती सावकाश म्हणाली. “म्हणून माझं भांडं दुसऱ्या दिवशी… तू ते रात्री विसळलं होतंस. किती असतं ते?”

“दोन थेंब. फार तर अडीच.”

“दोन थेंब,” ती म्हणाली, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद उमटला. “अरे, मग तर कुणालाही जमेल हे.” मग तो आनंद थबकला. “तुला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

तिने पालथ्या फोनकडे पाहिलं. ओरडली नाही. कोट घातला आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. परतीच्या वाटेवर, नदीवरचा पूल ओलांडून शहरात शिरेपर्यंत, दोघांपैकी कुणीही बोललं नाही. गप्प राहण्यात मुरलेला माणूस तो, पण ही शांतता त्याला सोसवेना.

रविवारी सकाळी ती तळघरात आली. तिने स्वतःच्या हाताने तीन भांडी भट्टीत वाळवली. एकात काही नाही, दुसऱ्यात दोन थेंब, तिसऱ्यात पुन्हा दोन. यंत्र सुरू असताना ती पाठ करून उभी राहिली. दुपारपर्यंत आकडे हाती आले. तीस, नव्वद, एक्याण्णव. तिने वेझिनाबाईंना फोन करून सगळं सांगितलं. कुणाला कधी कळलं, ते मात्र सांगितलं नाही. फोनमधून बाईंचा आनंद गिलेंलाही ऐकू आला. “म्हणजे हाताचा गुणबिण काही नव्हता! छान, छान. आता कुठेही करता येईल.”

मिलेनने आपली भांडी पिशवीत भरली. पूर्वेकडची गाडी संध्याकाळी होती. दाराशी जाऊन ती वळली.

“का नाही सांगितलंस, ते मला कळतंय,” ती म्हणाली. “मी काही खुळी नाही. पण तू नुसतं म्हणाला असतास ना, की मिलेन, सापडलंय, तरी एक दिवस थांब, मला बरं वाटेल, तर मी थांबले असते.”

गिलेंला वाटलं, ती समजूत काढतेय. “खरंच थांबली असतीस?”

ती थांबून विचार करू लागली. आकडा फुगवून सांगायची तिला सवय नव्हती. “एक दिवस,” ती म्हणाली. “आठवडा नाही. बुधवारी आपण जेवलो असतो, गुरुवारी मी घरी गेले असते. शनिवारी मी तिथे असते.”

कुणाला ‘थांब’ असं म्हणता येतं, हे या माणसाच्या उभ्या आयुष्यात ध्यानीमनी आलं नव्हतं. लोक येतात, लोक जातात, आपण मध्ये बोलायचं नसतं, असंच तो धरून चालला होता. या खेपेस त्याने पुढचं वाक्य सुचायची वाट पाहिली नाही.

“गाडीला वेळ आहे अजून,” तो म्हणाला. “माझ्याबरोबर जेवून जा. स्टेशनाजवळ, कुठेही. मला बरं वाटेल.”

मिलेनने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत माया होती, आणि ती लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

“नाही, गिलें,” ती म्हणाली. “आज मला तुझा राग आलाय, आणि तो बरोबर घेऊनच घरी जायचंय मला. माझ्या पोरीसमोर तेवढं तरी घेऊन जाऊ दे.”

ती जिना चढून गेली. गिलें दारात उभा राहून तिच्या बुटांचा आवाज ऐकत राहिला, आणि वरचं दार लागल्यावरही बराच वेळ तिथेच उभा होता. राग तिचा बरोबर होता, आणि ती आज कशाला थांबेल हेही त्याला कळत होतं. पण मंगळवारी हेच शब्द बोलले असते तर ती हो म्हणाली असती, याचं त्याला सगळ्यात जास्त दुःख झालं.